तीन पॉइंट एक, पण काय?

नारायणगाव
१२ जानेवारी २००४

चि. अश्विनी,

हे खुशालीचं पत्र न्हाई, आधीच सांगतो. तुझी आत्या बरी हाय. तुझे बाबा परवा अवसरीहून येऊन गेले, तेबी बरेत. एवढं पुरे.

मंचरच्या ट्रॉलीवाल्यांनी आमच्या वर्कशॉपला नव्या ब्रॅकेटचं काम दिलंय. ट्रॉलीची दांडी ट्रॅक्टरला जिथं अडकवायची, तिथला तुकडा. इतकी वर्षं आमी तो जाड पत्र्याचा, सरळ चौकोनी करायचो. नवं ड्रॉइंग बघून आमचा वेल्डर सयाजी म्हणला, "भाऊ, हा ब्रॅकेट हाय का घुशीनं कुरतडलेली वहाण?" एक पाय मनगटाएवढा, दुसरा दोन बोटांएवढा, मधी भोकंच भोकं.

मला बघूनच किळस आली. लोखंडाची न्हाई, गार खोलीत बसून असलं काढणाऱ्याची. मग खाली कोपऱ्यात बघितलं, तर तुझ्या कंपनीचं नाव आन् तुझी सही.

फोन केला असता, पण इथं ग्राइंडर चालू असतो आन् तुझा ऑफिसातला फोन साहेबाच्या टेबलावर. म्हणून लिहितोय. हे असं का कुरतडलंय ते नीट लिहून कळव. ह्या ट्रॉल्या डिंभ्याच्या वरच्या वाड्यांत जायच्यात. तिकडं सपाट रस्ता शोधूनबी सापडत न्हाई, तुला ठाऊक हाय.

तुझा
सुदर्शनदादा


चिंचवड
१९ जानेवारी २००४

दादा,

किळस आली असेल तर चूळ भर आणि पुढचं वाच.

हा ब्रॅकेट कुणी हाताने काढलेला नाही, कॉम्प्युटरने काढलाय. आपण त्याला लोखंडाचा एक ठोकळा द्यायचा. कुठे घट्ट धरलंय ते सांगायचं, कुठे किती भार येतो ते सांगायचं, आणि म्हणायचं की एवढंच लोखंड ठेव, पण वस्तू जास्तीत जास्त ताठ राहिली पाहिजे. मग जिथलं लोखंड कामाचं नाही तिथलं तो काढत जातो. तुमच्या सयाजीकाकांना जी भोकं दिसतात, तिथे लोखंड नुसतं बसून खात होतं.

ताठपणा मोजायला एक आकडा असतो, त्याला कम्प्लायन्स म्हणतात. भार किती, आणि त्या भाराखाली ती जागा किती सरकली, त्यांचा गुणाकार. आकडा लहान, तेवढी वस्तू ताठ. जुन्या ब्रॅकेटचा कम्प्लायन्स आला १८५०. नव्याचा ३.१. वजन अडतीस टक्के कमी. मीटिंगमध्ये आठ इंजिनिअरांसमोर साहेबांनी माझं नाव घेतलं.

पत्रा जाड ठेवला की झालं, ही आपल्याकडची जुनी खोड. खरं सांगू, या अडाणीपणाचा वीट आला म्हणूनच मी गाव सोडलं. ड्रॉइंगप्रमाणे करा. काही होत नाही.

अश्विनी


नारायणगाव
२७ जानेवारी २००४

चि. अश्विनी,

अडाणी म्हणलीस ते सोडून दिलं. चूळबी भरली.

आता मला सांग, १८५० काय? आन् ३.१ काय? इथं मार्केटात कुणी "टमाटी किती?" म्हणलं आन् दुसरा "पन्नास" म्हणला, तर पहिला लगेच इचारतो, क्रेट का किलो? तू एवढी शिकलेली, दोन पानं लिहिलीस, आन् आकड्याच्या पुढं काय ते लिहिलं न्हाईस. पोरीच्या डिक्शनरीत कम्प्लायन्स बघितलं. 'आज्ञापालन' लिहिलंय. त्यानं काय उलगडा झाला न्हाई.

मग आमच्या अडाणी पद्धतीनं बघितलं. एक जुना न् एक नवा ब्रॅकेट घेतला. पाळीपाळीनं गर्डरला आवळला. खाली साखळीनं फळी टांगली, फळीवर सिमेंटच्या वीस गोण्या रचल्या. म्हंजे एक टन. लेथवर वापरतो तो डायल गेज ब्रॅकेटच्या तोंडाला लावला. त्याचं एक घर म्हंजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. जुना नमला अठरा-एकोणीस घरं. नवा नमला एकतीस. सयाजीनं गोण्या उतरवून पुन्हा चढवल्या, पुन्हा एकतीस.

तुझ्या आकड्यानं नवा ब्रॅकेट सहाशे पट ताठ पायजे. काटा हललाच नसता. हितं तर जुन्यापरीस जास्त नमतोय.

गोण्या खोट्या, का काटा खोटा, का तू?

सुदर्शनदादा


चिंचवड
३ फेब्रुवारी २००४

दादा,

तुझी एकतीस घरं वाचली आणि हिशोब पुन्हा मांडला.

एक टन म्हणजे जवळजवळ दहा हजार न्यूटन. आम्ही कॉम्प्युटरला तेवढाच भार दिला होता. जुना ब्रॅकेट ०.१८५ मिलिमीटर नमतो. दहा हजाराने गुणलं की १८५० न्यूटन-मिलिमीटर. नवा ०.३१ नमतो, गुणाकार ३१०० न्यूटन-मिलिमीटर. आता हेच अंतर मीटरमध्ये धर. ३१०० चे होतात ३.१ न्यूटन-मीटर.

सॉफ्टवेअर एकक सांगत नाही, दादा. नुसता आकडा देतं. लांबी मिलिमीटरमध्ये भरली तर उत्तर एका मापात, मीटरमध्ये भरली तर दुसऱ्या, हजार पटीचा फरक. माझ्या शेजारच्या हर्षालीने जुना ब्रॅकेट मिलिमीटरमध्ये केला होता. नवा मीटरमध्ये केला गेला. दोन्ही आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी बसले. तक्त्यात एककाचा रकाना होता, तो कुणीतरी काढून टाकला. आठ माणसं तो तक्ता बघत होती. सहाशे पट ऐकून कुणालाही हसू आलं नाही. टाळ्या वाजवल्या.

काल साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, हे दोन आकडे एका मापातले नाहीत."

"अहवाल गेलाय ना?"

"हो."

"ग्राहकाने काही विचारलं?"

"नाही."

"मग तुम्ही कशाला विचारताय? त्यांना एकक नको असतं, टक्के हवे असतात. वजन कमी झालंय ना अडतीस टक्के? झालं तर मग."

बोलता बोलता ते त्याच अहवालाच्या पानाचा कोपरा दुमडून दात कोरत होते. मग तो ओला कोपरा हातानेच सरळ केला आणि अहवाल फाइलमध्ये ठेवला. मला दुपारी डबा खाववला नाही.

तू वेल्डिंग थांबव. आणि हे पत्र कुणाला दाखवू नकोस.

अश्विनी


नारायणगाव
११ फेब्रुवारी २००४

चि. अश्विनी,

तुझा साहेब दात कोरतो ते वाचून मला काय वाटलं न्हाई. तसली माणसं मी रोज बघतो. पण शेवटची ओळ वाचली आन् ओकारी आली. कुणाला दाखवू नकोस.

मीबी एक लपवलं व्हतं, ते सांगतो. गोण्यांची चाचणी केली त्याच्या आधीच नऊ ब्रॅकेट करून मंचरला दिले व्हते. तुझी सही बघून दिले. मनात म्हणलं, मामाची पोर हाय, तिनं बघितलं आसंल. चाचणीनंतर एकबी केला न्हाई. मंचरला जाऊन सांगितलं, तर तिथला मॅनेजर म्हणला, "पुण्याच्या कंपनीचा छापील अहवाल हाय आमच्याकडं. तुमच्याकडं काय हाय?" माझ्याकडं काय हाय? सिमेंटच्या गोण्या.

म्हणून तू लिहून दे. एका कागदावर, एककासकट, तुझ्या सहीनं. ३.१ म्हंजे ३१००, नवा ब्रॅकेट जुन्यापेक्षा मऊ हाय, बाकीच्या चाचण्या होईस्तवर वापरू नका. एवढंच.

आन् एक इचारतो. रकाना "कुणीतरी" काढला. नवा ब्रॅकेट मीटरमधी "केला गेला". कुणी केला?

सुदर्शनदादा


चिंचवड
२० फेब्रुवारी २००४

दादा,

एकतर नमणं म्हणजे तुटणं नव्हे. कम्प्लायन्स जास्त म्हणजे वस्तू मऊ. ती कुठे तडकेल हे त्या आकड्यातून कळतच नाही. चिंच वाऱ्यात हलते, मोडते का? तेव्हा उगाच आकाश कोसळल्यासारखं करू नकोस.

दुसरं, मी काही लिहून देणार नाही. कंपनीचा कागद कंपनीच बदलते. जूनमध्ये मला बंगलोरला ट्रेनिंगला पाठवणार आहेत, आमच्या खात्यातून एकटीला. तुला ते कळणार नाही. आणि चाचणी करायची तर नऊ द्यायच्या आधी करायची होतीस. ओकारी तुझी तुला येऊ दे.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

अश्विनी


नारायणगाव
७ मार्च २००४

चि. अश्विनी,

घडलं ते लिहितो. राग धरून लिहीत न्हाई.

त्या नऊ ट्रॉल्यांतली एक रामदासकडं व्हती. आहुप्याच्या रस्त्याला वर त्याची वाडी हाय, वाडीत तेवढा एकच ट्रॅक्टर. बाजारच्या दिवशी भाताच्या गोण्या आन् बाया ट्रॉलीत बसून घोडेगावला येत्यात. गेल्या मंगळवारी गोण्यांवर अकरा बाया व्हत्या, दोघींच्या कडेवर लेकरं. रामदासची बायको इंद्रायणी पुढं, दांडीच्या जवळ बसली व्हती.

उतार लागायच्या आधी, चढावरच तिनं आवाज दिला, "धनी, थांबवा."

"काय झालं?"

"खाली कायतरी कुरकुरतंय. मगापासून ऐकत्ये."

"नवी ट्रॉली हाय. नव्या वहाणा न्हाई का वाजत?"

"मला न्हाई बसायचं. उतरा गं सगळ्या."

रामदास चिडला. बाया उतरल्या म्हणून त्याला थांबावंच लागलं. इंद्रायणीनं दोन्ही चाकांखाली दगड लावले आन् म्हणली, "आता वाकून बघा." तो वाकला न्हाई. "बाई मला ट्रॉली शिकवती," म्हणून वर चढला आन् दणका देऊन ट्रॅक्टर पुढं काढला. ब्रॅकेटचा बारका पाय तुटला. ट्रॉली दगडावरनं घसरत मागं गेली, कडेवरनं उलटून खाली ओढ्यात. भात सगळा खडकावर सांडला. माणूस एकबी गेला न्हाई. इंद्रायणी रस्त्याच्या मधी खाली बसली.

रामदासनं तुटका तुकडा माझ्याकडं आणला. वेल्ड शाबूत हाय. त्याच्या चांगलं चार बोटं वर, बारक्या पायात तडा गेलाय. आत जुना काळा डाग हाय, म्हंजे तडा कितीतरी दिवस वाढत व्हता.

काल मंचरचा मॅनेजर आला. तुझ्या साहेबाचं पत्र घेऊन. 'ब्रॅकेट वर्कशॉपच्या सदोष वेल्डिंगमुळे तुटला.' तुकडा बघितलाबी न्हाई. माझं काम बंद केलंय. सयाजी एकवीस वर्षं वेल्डिंग करतोय. त्यानं ते पत्र माझ्याकडनं वाचून घेतलं, हेल्मेट खुंटीला लावलं आन् घरी गेला. आज कामावर आला न्हाई.

सुदर्शनदादा


चिंचवड
१२ मार्च २००४

दादा,

रकाना मी काढला.

नवा ब्रॅकेट मीटरमध्ये मीच केला. तक्ताही मीच केला. १८५० शेजारी ३.१ लिहिलं तेव्हाच मनात चुकचुकलं होतं. एककाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला कळेना. कम्प्लायन्सला एकक काय, हे नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कुणाला विचारायचं? हर्षाली हसेल, साहेब म्हणतील खेड्यातून आलेली. म्हणून रकाना पुसला. पान स्वच्छ दिसायला लागलं. अज्ञान माझं होतं आणि मी तुम्हाला अडाणी म्हटलं.

आणि चिंचेचं जे लिहिलं ते अर्धंच सांगितलं होतं. मऊपणावरून तडा कळत नाही हे खरं. पण ३.१ बघून सगळे इतके खूश झाले की तडा कुठे जाईल ते बघणाऱ्या पुढच्या दोन चाचण्या आम्ही केल्याच नाहीत. ते मला वीस फेब्रुवारीलाही माहीत होतं. पत्र लिहिताना माहीत होतं.

स्वतःची किळस येणं काय असतं ते आता कळतंय. अंघोळ करून जात नाही ती.

साहेबांचं वेल्डिंगचं पत्र माझ्यासमोरच टाइप झालं. मी विचारलं, "तुकडा बघितलाय का कुणी?" ते म्हणाले, "त्या वर्कशॉपवाल्याकडे काय कागद असणार?" मी जागेवर येऊन बसले. परवा तुझं पत्र आलं, तेव्हा लिहायला घेतलं. मंचरला रजिस्टरने पाठवलंय, त्याची ही नक्कल:

"सदर ब्रॅकेटचा अहवाल व तक्ता मी तयार केला. त्यात जुन्या ब्रॅकेटचा कम्प्लायन्स १८५० न्यूटन-मिलिमीटर असून नव्याचा ३.१ न्यूटन-मीटर, म्हणजे ३१०० न्यूटन-मिलिमीटर आहे. एकके न लिहिल्यामुळे नवा ब्रॅकेट अधिक ताठ असल्याचा खोटा समज झाला. प्रत्यक्षात तो जुन्याच्या जवळजवळ पावणेदोन पट नमतो. तडा जाण्याची तपासणी केलेली नाही. उरलेले आठ ब्रॅकेट ताबडतोब काढावेत. तुटलेला तुकडा वेल्डपासून दूर तडकलेला असून वेल्डिंगचा दोष असल्याचा कोणताही पुरावा आमच्याकडे नाही."

खाली सही केली. साहेबांच्या टेबलावर एक प्रत ठेवली. त्यांनी वाचली आणि एवढंच म्हणाले, "बंगलोर विसरा." मी म्हटलं, "नोकरीही विसरते."

सयाजीकाकांना हे पत्र वाचून दाखव. सगळ्यांना दाखव.

अश्विनी


नारायणगाव
२ एप्रिल २००४

चि. अश्विनी,

आठही ब्रॅकेट निघाले. मंचरच्या मॅनेजरनं तुझं पत्र आन् तुटका तुकडा शेजारी ठेवून बघितला, मग ट्रॉल्या परत आणायला गाड्या पाठवल्या. आठांतल्या तीन ब्रॅकेटांत त्याच जागी केसाएवढा तडा निघाला. सगळ्यांना जुने जाड ब्रॅकेट बसवले. रामदासलाबी ट्रॉली बदलून दिली.

तुझ्या कंपनीनं काय केलं ऐक. नवा कागद पाठवलाय, 'सुधारित आवृत्ती'. त्यात लिहिलंय की आमच्या सतत दक्षतेमुळे त्रुटी वेळीच ध्यानात आली. तुझं नाव न्हाई, इंद्रायणीचं तर न्हाईच. मॅनेजरनं मला तो कागद वाचायला दिला. मी वाचला आन् बाहेर जाऊन थुंकून आलो.

सयाजी कामावर आला. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. म्हणला, "पोरीनं उशीर केला." मग खुंटीवरचं हेल्मेट घेऊन कामाला लागला.

इंद्रायणी वर्कशॉपला आली व्हती. ड्रॉइंगवरच्या सहीवर बोट ठेवून म्हणली, "ही कोण?" मी म्हणलं, माझी मामेबहीण. म्हणली, "तिला वर आणा."

यायचं का न्हाई ते तू ठरव.

सुदर्शनदादा


अवसरी बुद्रुक
१६ मे २००४

दादा,

तू मला पहिल्यांदा वाडीवर सोडून खाली आलास. नंतर काय झालं ते तू विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. आज लिहिते.

इंद्रायणी अंगणात हिरडा वाळत घालत होती. मला बस म्हणाली नाही. मी माफी मागायचं पाठ करून गेले होते. पहिलंच वाक्य बोलले, तर तिने विचारलं, "तुला म्हाईत कधी झालं?"

"जानेवारीच्या शेवटी."

"आन् ट्रॉली गेली कधी?"

"दोन मार्चला."

ती हिरडा पसरत राहिली. मग म्हणाली, "महिनाभर. आमी चार बाजार केले त्यात. माझ्या सुनेच्या कडेवर सहा महिन्यांचं लेकरू व्हतं."

मी तिला एकक, रकाना, साहेब, काहीच सांगितलं नाही. तिथे त्यातलं काही सांगण्याजोगं वाटलंच नाही.

रामदासभाऊंनी ट्रॅक्टर जोडला. बाया गोण्यांवर चढल्या. इंद्रायणी म्हणाली, "चढ. दांडीजवळ बस."

मी बसले. ब्रॅकेट जुना, जाड, तूच केलेला. मला त्याचा आकडा एककासकट पाठ आहे. तरी उतार लागला आणि माझे हात गोणीच्या सुतळीत असे गुंतले की डिंभ्यापर्यंत सुटले नाहीत. एक खड्डा लागला, ट्रॉली मागे खेचली गेली, आणि मी कॉम्प्युटरवर लाल-निळ्या रंगात बघितलेला तो भार मला पहिल्यांदा पाठीच्या कण्यात कळला. बाया माझ्यापासून हात-हात लांब बसल्या होत्या. घोडेगावला उतरल्यावर मी रस्त्याच्या कडेला ओकले. इंद्रायणीने बघितलं. म्हणाली, "एकदा बसून काय कळतंय. हिरड्याचा हंगाम संपेस्तवर ये."

म्हणून मी दर बाजारच्या दिवशी जाते. आदल्या दिवशी मुक्कामी, पहाटे गोण्या भरायच्या, मग दांडीजवळ बसायचं. घरी बाबा विचारतात, नोकरी सोडून कुठे जातेस. मी सांगितलं, कामाला जाते.

हर्षालीचं पत्र आलंय. साहेबांनी नवा ब्रॅकेट तिच्याकडे दिलाय आणि घाई करतायत. तिने विचारलंय, त्यांना काय सांगू? मी लिहिलं, आधी इथे ये, एक बाजार माझ्यासोबत कर, मग सांग. ती येईल असं वाटत नाही.

या मंगळवारी पाचवी खेप होती. गोण्या जास्त झाल्या होत्या, बाया दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि दांडीजवळ मला टेकायलाही जागा नव्हती. मी फळीला धरून उभी राहिले. इंद्रायणीने मान वर केली नाही. तिने सुनेकडचं लेकरू स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि जरा सरकली.

मी तिथे बसले. कामापुरतंच बोलते ती अजून माझ्याशी.

अश्विनी